तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंट पुढं का पाठवता?

लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारचा विचारतोच, "डॉक्टरसाहेब, तुम्ही तर सर्जन. मग अपघाताचा पेशंट आला की लगेच अंबाजोगाईला नाहीतर घाटीला का धाडता?" अंबाजोगाईचं आणि संभाजीनगरचं घाटी, ही दोन्ही मोठी सरकारी रुग्णालयं. आमच्या उपजिल्हा रुग्णालयाचं नाव 'पुढं पाठवणारं' असंच पडलंय. अगदीच खोटं नाही.

कारखाने सुरू झाले की आमचा हंगाम सुरू होतो. रात्री उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीनं माखलेला. मोटारसायकल थेट उसात. गेल्या हंगामात असाच एक पोरगा आला. मांडीचं हाड मोडलेलं, बाहेर रक्ताचा टिपूस नाही. मामा म्हणाला, "रक्त तर काहीच गेलं नाही, साहेब." मोडलेल्या मांडीत लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत साचतं. अंगात असतं सगळं मिळून पाचेक लिटर.

ऑपरेशनला नुसते माझे हात पुरत नाहीत. भूल देणारा डॉक्टर लागतो. आमच्याकडं ते आठवड्यातून तीन दिवस येतात, तेही दिवसा. रक्त लागतं, आमच्याकडं रक्तपेढी नाही, साठवण केंद्र आहे. म्हणजे एक फ्रिज. त्या रात्री त्यात त्याच्या गटाची एकच पिशवी होती. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं सांगितलं, की सिझेरियन, पोट उघडणं आणि उघड्या फ्रॅक्चरवरचे उपचार ही तीन कामं तालुक्याच्या पातळीवर व्हायला हवीत. मला तिन्ही येतात. रात्री एकही जमेल याचा भरवसा नाही.

म्हणून पाठवतो. पण नुसती चिठ्ठी हातात देऊन नाही. पोराचा पाय थॉमस स्प्लिंटमध्ये ताणून बांधला. पहिल्या महायुद्धात नावाजलेली ही लोखंडी चौकट. पाय ताणला गेला की आतला रक्तस्राव कमी होतो आणि पोरगं ओरडायचं थांबतं. मग रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ट्रॅनेक्साचं इंजेक्शन. २०१० साली ४० देशांतल्या वीस हजारांवर जखमींची 'क्रॅश-२' चाचणी प्रसिद्ध झाली. हे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात. उशिरा दिलं तर उलट अपाय होऊ शकतो. गाडी मिळून, पोचून, केसपेपर निघेपर्यंत तीन तास कुठं गेले कळत नाही. म्हणून ते इथंच द्यायचं. पोरगा आता काठी न घेता चालतो.

आता तुम्ही कधीच न विचारलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी बैलानं शिंग मारलेले एक आजोबा आले. पोट टणक, नाडी पळत होती, म्हणजे आत रक्तस्राव. भूलतज्ज्ञ वीस मिनिटांवर राहायचे, त्या दिवशी घरीच होते. फोन केला असता तर आले असते. मी १०८ बोलावली. ते पोट इथंच उघडायला हवं होतं. आजोबा रस्त्यातच गेले.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा मुद्दाम भेटायला आला. गाडी लगेच करून दिली, म्हणून आभार मानायला.