रेस्टिक की बोर्ग? आधी बॅकअप कुठे ठेवणार ते ठरवा

रेस्टिक आणि बोर्ग या बॅकअप घेणाऱ्या दोन प्रोग्रामची तुलना बहुतेक ठिकाणी वेगाच्या तक्त्याने सुरू होते आणि तिथेच संपते. पहिला बॅकअप सोडला तर दोन्ही फक्त बदललेले तुकडे पाठवतात, त्यामुळे रोजच्या वापरात तो फरक फारसा जाणवत नाही. खरा प्रश्न असा आहे की, बॅकअप जिथे जाऊन पडणार त्या मशीनवर तुम्हाला स्वतःचा प्रोग्राम चालवता येतो का?

येत असेल, म्हणजे एसएसएचने लॉगिन होता येणारा लिनक्स सर्व्हर हाताशी असेल, तर बोर्ग उत्तम. पलीकडेही बोर्ग इन्स्टॉल केलेलं लागतं. पण बोर्ग (आवृत्ती १) ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर, म्हणजे क्लाउडवरच्या साठवणुकीच्या जागेवर, थेट लिहीत नाही आणि विंडोजवर डब्ल्यूएसएलसारख्या (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) आडवाटेनेच चालतं. रेस्टिक ही गो भाषेत लिहिलेली एकच बायनरी, म्हणजे थेट चालणारी फाइल, आहे. ती विंडोजवरही चालते आणि एसएफटीपी, एस-थ्री, अझूर किंवा साधी यूएसबी डिस्क यांपैकी कुठेही लिहिते. उरलेल्या ठिकाणांसाठी आरक्लोन (क्लाउड सेवांवर फाइली ने-आण करणारा प्रोग्राम) जोडता येतं.

या सोयीची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. रेस्टिक रिपॉझिटरीची (बॅकअपच्या साठ्याची) अख्खी इंडेक्स, म्हणजे कोणता तुकडा कुठे आहे त्याची यादी, मेमरीत घेतं. लाखो छोट्या फाइली असलेल्या आणि जेमतेम १ जीबी रॅमच्या मशीनवर प्रून (नको झालेला डेटा साफ करणारी कमांड) मध्येच मारलं जातं आणि लॉगमध्ये फक्त ‘किल्ड’ एवढंच उरतं. जीओजीसी हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) २० वर आणला की मेमरी कमी लागते, काम थोडं मंदावतं. तेवढ्याने भागलं नाही तर प्रून मोठ्या मशीनवरून चालवा, रिपॉझिटरी तीच राहते.

अनेक मशीनचा बॅकअप एकाच रिपॉझिटरीत घ्यायचा असेल तर मात्र रेस्टिकच. बोर्ग लिहिताना रिपॉझिटरी पूर्ण लॉक करतं, शिवाय मशीन बदललं की प्रत्येकाला आपला चंक-कॅशे (साठ्यात आधीच असलेल्या तुकड्यांची स्वतःकडची नोंद) पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्यात बराच वेळ जातो. बोर्गमध्ये दर मशीनला स्वतंत्र रिपॉझिटरी ठेवणंच बरं. रेस्टिकमध्ये अनेक मशीन एकाच वेळी लिहू शकतात, प्रूनसारख्या कामांनाच पूर्ण लॉक लागतं. पण ज्या मशीनकडे रिपॉझिटरीचा पासवर्ड आहे, त्याला बाकी सगळ्यांच्या फाइलीही वाचता येतात. घरातल्या मशीनना हे चालून जाईल, वेगवेगळ्या ग्राहकांच्या सर्व्हरना अजिबात नाही.

आता जागा मोकळी न होण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बोर्ग १.२ पासून प्रून फक्त आर्काइव्ह (एकेका वेळचा बॅकअप) काढतं, डिस्कवरची जागा काही सोडत नाही. त्यासाठी नंतर कॉम्पॅक्ट ही कमांड चालवावी लागते. जुन्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ नसते आणि डिस्क भरत राहते.

रेस्टिकची अडचण जास्त छुपी आहे. फर्गेटला (जुने बॅकअप काढणारी कमांड) ‘सात रोजचे, चार आठवड्यांचे ठेव’ असं सांगितलं तरी ते नियम अख्ख्या रिपॉझिटरीला एकत्र लागत नाहीत. होस्टनाव (मशीनचं नाव) आणि पाथ (फोल्डरचा पत्ता) यांच्या प्रत्येक जोडीला ते वेगळे लागतात. रेस्टिक डॉकर कंटेनरमधून (प्रोग्राम बंदिस्त जागी वेगळा चालवण्याची सोय) चालवलं तर दर वेळी कंटेनरला नवं, यादृच्छिक होस्टनाव मिळतं. म्हणजे प्रत्येक स्नॅपशॉट (रेस्टिकचा एका वेळचा बॅकअप) आपल्या गटात एकटाच, नियमानुसार तो ठेवायचाच, आणि फर्गेट कधीच काही काढत नाही. वर जुना स्नॅपशॉट सापडत नसल्यामुळे बॅकअप दर वेळी सगळ्या फाइली पहिल्यापासून वाचतो. इलाज सोपा आहे: बॅकअप घेताना होस्ट पर्यायाने नाव पक्कं करून टाका. पाथच्या यादीत नवा फोल्डर घातला तरी नवा गट तयार होतो, तेव्हा फर्गेटला गट फक्त होस्टवरून पाडायला सांगा.

डेटाबेसच्या चालू फाइली थेट उचलू नका, डम्प (डेटाबेसमधून काढलेली प्रत) घ्या. डम्प पाइपने (मधे फाइल न बनवता थेट) रेस्टिकला दिला आणि डम्प अर्ध्यातच कोसळला, तर रेस्टिकला ती नेहमीची फाइल-समाप्ती वाटते. अर्धवट फाइलचा स्नॅपशॉट व्यवस्थित तयार होतो. ०.१७ पासून कमांड रेस्टिकलाच चालवायला सांगता येते. मग ती फसली तर स्नॅपशॉट बनतच नाही. आणि डम्प आधी जीझिपने कॉम्प्रेस करू नका. थोडा मजकूर बदलला तरी जीझिपची पुढची सगळी फाइल बदलते आणि डीडुप्लिकेशन (तोच तुकडा पुन्हा न साठवणं) वाया जातं. कॉम्प्रेशन ही दोन्ही साधनं स्वतःच करतात. रेस्टिकमध्ये ते २०२२ च्या ०.१४ मध्ये आलं, त्याआधीची रिपॉझिटरी असेल तर दुसऱ्या आवृत्तीच्या स्वरूपात मायग्रेट करून घ्यावी लागते.

एक्झिट कोडकडे, म्हणजे काम संपताना प्रोग्राम देतो त्या आकड्याकडे, लक्ष असू द्या. काही फाइली वाचता आल्या नाहीत तर रेस्टिक ३ देतं, स्नॅपशॉट मात्र बनलेला असतो. बोर्गमध्ये १ म्हणजे इशारा, बॅकअप घेताना फाइल बदलली तरी तो येतो. क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टने या दोन्हींना सरळ अपयश मानलं तर रोज खोटी धोक्याची घंटा वाजते आणि काही दिवसांनी ती कोणी बघत नाही.

तपासणीच्या बाबतीत, रेस्टिकचं चेक मूळ डेटा वाचत नाही, फक्त रचना पाहतं. डेटाचा भाग वाचायला सांगताना टक्केवारी दिली तर दर वेळी यादृच्छिक भाग निवडला जातो. त्याऐवजी या आठवड्यात १/२०, पुढच्या आठवड्यात २/२० असं दिलं की २० आठवड्यांत सगळं वाचून होतं.

अशी साधनं मोजक्या लोकांच्या जिवावर चालतात, तेव्हा गिटहबवरच्या तारकांची संख्या बघण्यापेक्षा स्वरूप दुसऱ्या कोणाला वाचता येतं का ते बघावं. बोर्ग स्वतःच २०१५ मध्ये ॲटिक या प्रकल्पाचा फोर्क (त्याच कोडवरून फुटलेली वेगळी शाखा) म्हणून निघालं. रेस्टिकच्या रिपॉझिटरीचं स्वरूप लिहून ठेवलेलं आहे आणि रस्ट भाषेत लिहिलेलं रस्टिक हे वेगळं साधन त्याच रिपॉझिटरी वाचतं. या एका मुद्द्यावर माझं झुकतं माप रेस्टिकला.

बॅकअप उघडणाऱ्या एन्क्रिप्शनच्या किल्लीला मात्र दोन्हीकडे जपावं लागतं. बोर्गच्या रिपोकी पद्धतीत किल्ली रिपॉझिटरीच्या कॉन्फिग फाइलमध्ये असते. ती फाइल खराब झाली तर पासफ्रेज पाठ असूनही उपयोग नाही, म्हणून की एक्सपोर्ट करून प्रत वेगळ्या जागी ठेवा. रेस्टिकमध्ये दुसरा पासवर्ड जोडता येतो, तो लिहून कपाटात ठेवावा.

आणि फाइली परत काढताना: बोर्गचं एक्स्ट्रॅक्ट तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथेच लिहितं आणि तिथल्या त्याच नावाच्या फाइली पुसून टाकतं, म्हणून आधी रिकामा फोल्डर करा. रेस्टिक टार्गेट फोल्डरच्या आत पूर्ण जुना पाथ उभा करतं. फक्त आतला एखादा फोल्डर हवा असेल तर ०.१६ पासून स्नॅपशॉटच्या आयडीनंतर कोलन देऊन त्याचा पाथ लिहिता येतो. मूळ मालकी परत हवी असेल तर दोन्ही रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवा.