ठिपक्यांचं अंडं

मिशिगनमधल्या एका शाळेत मी चौथीला शिकवते. मार्च लागला की आमचा वर्ग रॉबिन पक्ष्यांवर पाळत ठेवतो. १९९४ पासून चालू असलेल्या ‘जर्नी नॉर्थ’ या स्थलांतर टिपणाऱ्या उपक्रमात मुलं आपल्या नोंदी टाकतात. नुसता पक्षी दिसला, याला मी फारशी किंमत देत नाही. काही रॉबिन हिवाळाभर इथेच फळांवर दिवस काढतात. खरी नोंद गाण्याची. बर्फ वितळून गांडुळं वर यायला लागली, की नर आपली जागा धरून पहाटे गाऊ लागतो. (नाव रॉबिन, पण कूळ आपल्या कस्तुराचं. तांबूस छाती पाहून इंग्रज वसाहतवाल्यांनी गावाकडच्या तशाच छातीच्या पक्ष्याचं नाव चिकटवून टाकलं.)

गेल्या मे महिन्यात एका मादीने खिडकीखालच्या पावसाच्या पाइपाच्या वाकणावर घरटं केलं. चोचीतून चिखल आणायची, मग वाटीत बसून छातीने दाबत गोल फिरायची. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर, त्यामुळे काचेतूनच सगळं दिसे. सोमवारी दोन निळी अंडी होती. मंगळवारी तीन, आणि त्यांना खेटून एक मळकट पांढरं, तपकिरी ठिपक्यांचं, जरा लहान.

काउबर्डचं! हा पक्षी घरटं बांधायच्या भानगडीत पडतच नाही. भल्या पहाटे दुसऱ्याच्या घरट्यात अंडं टाकतो आणि मोकळा होतो.

“मिस, काढून टाका ना ते!” वर्गात कालवा झाला. काढता येत नाही म्हटलं. स्थलांतरित पक्ष्यांसाठी १९१८ चा कायदा आहे, तो काउबर्डलाही लागू. परवान्याशिवाय त्याच्या अंड्याला हात लावायचा नाही. वर मी शहाणपणा करून आपल्या कोकिळेची गोष्ट सांगितली, कावळा कसा तिची पिल्लं भरवतो ते. नको ते बोलून बसले. पहिल्या बाकावरच्या मुलीने मुसमुसायलाच सुरुवात केली.

बुधवारी भागाकार चालला होता. कोणीतरी “मिस!” म्हणून किंचाळलं आणि सगळे खिडकीशी. मादी घरट्याच्या काठावर उभी होती. मान वाकडी करून एका डोळ्याने आत बघितलं, मग दुसऱ्याने. चोच उघडून ठिपक्यांचं अंडं अलगद उचललं आणि मान झटकून बाहेर भिरकावलं. खाली डांबरावर पिवळा ओघळ. बाई परत निळ्या अंड्यांवर, पिसं फुलवून.

भागाकार त्या दिवशी तिथेच राहिला.

रात्री साताऱ्याला आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आपल्या कावळ्यापेक्षा शहाणी निघाली म्हणायची.” तिच्याकडे सकाळ होती. मागे आंब्यावर कोकीळ ओरडत होता.