आमच्यात सीपीआर म्हणजे दवाखाना

कोल्हापुरात 'सीपीआर' म्हटलं की टाऊन हॉलसमोरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. याच नावानं त्या दिवशी माझी दमछाक केली. तात्या आता ठणठणीत आहेत, म्हणून सांगताना हसू येतं.

मार्केट यार्डात गुळाचा सौदा चालला होता. मी अडत दुकानातला दिवाणजी. तात्या आमचे जुने हमाल. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, थप्पीवर ठेवता ठेवता ते खाली बसले आणि कलंडले. खांदे हलवले, हाका मारल्या, काही नाही. मधूनच घोरल्यासारखा एक आचका.

"फिट आलीया, कांदा आणा!"

"श्वास चाललाय की!"

तो श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावरही माणूस थोडा वेळ असे आचके देतो. मुलाच्या कॉलेजात रबरी बाहुल्यावर हे शिकवलं होतं, तेव्हा मी मागं बसून हसत होतो.

"१०८ ला फोन लावा. तात्यांना सीपीआर द्यायला लागतोय," मी ओरडलो. माझा सीपीआर म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचा प्रथमोपचार.

झालं! चौघांनी हातपाय धरले, एकानं टेम्पो चालू केला. "सीपीआरलाच न्यायलोय, दिवाणजी, सरका!" तिथं पोचेपर्यंत मेंदूला रक्त कुठलं?

"खाली ठेवा! छाती दाबायचीय!"

तेव्हा कुठं ठेवलं. फरशीवर उताणं निजवून मी छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर मनगटाजवळचा तळहात टेकवला. त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तिसऱ्या-चौथ्या दाबाला बरगडी कडकन वाजली. पोटात गोळा आला, पण थांबायचं नसतं. ३० दाबांनंतर २ वेळा तोंडानं श्वास देतात. मला त्याचा सराव नव्हता, म्हणून नुसतं दाबत राहिलो. तेवढंही चालतं.

दोन मिनिटांत हात गळाले. तालमीतला एक पोरगा पुढं आला. ताकद बक्कळ, पण पोतं चेपल्यागत दाबूनच धरायचा. "सोड की मर्दा! छाती पुरती वर येऊ दे, त्याशिवाय रक्त भरत नाही." मग जमलं. दोन-दोन मिनिटांनी आम्ही पाळी बदलत होतो. मोजायला तोलाईदार. त्यांचा आकडा कधी चुकत नाही.

रुग्णवाहिका आली. छातीला पट्ट्या चिकटवून मशीननं झटका दिला, पुन्हा दाबणं. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, "नाडी लागली."

"कुठं नेताय?" मी विचारलं.

"सीपीआरला."

टेम्पोवाल्यानं माझ्याकडं बघितलं. "मी मगाधरनं काय सांगत होतो?"