काउंटरवरचा वजनकाटा

गेल्या मे महिन्यात पुण्याहून दिल्लीला निघताना आईने माझ्या बॅगेत हापूसची पेटी रिकामी करून प्रत्येक आंबा वर्तमानपत्रात गुंडाळून भरला होता, आणि काउंटरच्या काट्यावर आकडा आला १८.४ किलो. देशांतर्गत स्वस्त विमानसेवांमध्ये साधारणपणे १५ किलो सामान तिकिटात धरलेले असते, त्यामुळे वरच्या वजनाचे पैसे प्रत्येक किलोमागे मोजावे लागले, आणि ते आंब्यांच्या किमतीहून अधिक झाले. मला त्याचे मनापासून वाईट वाटले, कारण हेच जादा वजन घरबसल्या आगाऊ नोंदवले असते, तर दर बराच कमी पडला असता.

तेव्हापासून मी हातात धरून तोलण्याचा छोटा वजनकाटा घरी ठेवला आहे. पुस्तके, चार्जर अशा जड वस्तू मी केबिन बॅगेत घेतो. मात्र तिलाही ७ किलोंची मर्यादा असते, हे विसरून चालत नाही. तिकीट काढतानाही सावध राहावे, कारण २०२१ पासून चेक-इन सामान नसलेले सवलतीचे भाडे देण्याची मुभा विमान कंपन्यांना आहे आणि स्वस्त दिसणारे तिकीट तसेच असू शकते. बोर्डिंग पाससाठी काउंटरवर कोणी वेगळे शुल्क मागितले, तर ते नियमात बसत नाही, असे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. हे ज्येष्ठ प्रवाशांना आवर्जून सांगावे.