दोन घटकांचं लोणी

कोल्हापूरजवळ कुंभोजच्या बाहुबलीला, त्या जैन तीर्थाला, पहाटे पोहोचणाऱ्यांनी थर्मास भरून न्यावा. मुनींच्या आहारासाठी चौका, म्हणजे सोवळ्याचं स्वयंपाकघर, लावलेल्या घरात उजाडल्याशिवाय चूल पेटत नाही, आणि माघाच्या थंडीत सातच्या आत उजाडत नाही. थर्मास नेला तरी त्या ओसरीवर बसून चहा प्यायची हिंमत होत नाही, ते वेगळंच.

उजाडलं आणि आतून घुसळण्याचा आवाज सुरू झाला. तूप कसं करतात ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबून बघायची परवानगी मिळाली. आत जायचं तर ओलेत्याने, धुतलेल्या कपड्यात. पाहुण्याला कुणी वाईट बोलत नाही, पण "तिथंच थांबा हं" हे इतक्या गोडीने सांगतात की पाय आपोआप मागे येतो.

तूप करायचं काम आदल्या संध्याकाळीच सुरू झालेलं होतं. गायीची कास आणि धार काढणाऱ्याचे हात गाळलेल्या पाण्याने धुवायचे, वासराला आधी पाजायचं, दूध कापडाने गाळायचं आणि ४८ मिनिटांच्या आत उकळायचं. ४८ मिनिटं म्हणजे दोन घटका, एक मुहूर्त. चौक्याच्या सगळ्या कारभाराचं माप हेच. गाळलेलं पाणी ४८ मिनिटं चालतं, नंतर पुन्हा गाळा. लवंग घातलेलं सहा तास, उकळलेलं चोवीस तास. दुधाची मर्यादा उकळल्यापासून चोवीस तास, दह्याची लावल्यापासून चोवीस तास.

इथेच आपल्या घरचं तूप बाद होतं. आपण आठवडाभर साय साठवतो, फ्रीजमध्ये ठेवतो, रविवारी विरजण लावतो. चौक्याच्या हिशेबाने त्यातली सोमवारची साय मंगळवारीच संपली. शोधाचं, म्हणजे या मर्यादांत बसणारं, तूप हवं तर अख्ख्या दुधाचं दही लावायचं आणि दुसऱ्या दिवशी घुसळायचं, साठवण नाही. म्हणून एका वेळी तूप होतं ते वाटीभर. त्या दिवशी सहा लिटर गायीचं दूध होतं, तूप निघालं दोनशे ग्रॅमच्या आसपास. किलोभर तुपाला पंचवीस ते तीस लिटर दूध धरावं लागतं. बाजारात गायीचं शुद्ध तूप स्वस्तात मिळतंय म्हणणाऱ्याने एवढं गणित कागदावर करून बघावं.

विरजणाचीही वेगळी भानगड. कालचं, परवाचं दही मर्यादेबाहेरचं, म्हणून विरजणाला चालत नाही. कोमट दुधात नारळाच्या करवंटीचा धुतलेला, तापवलेला तुकडा टाकतात. कुणी संगमरवराचा तुकडा, कुणी चांदीचं नाणं टाकतं. दही लागतं, पण सावकाश आणि जरा सैल. थंडीत भांडं गोधडीत गुंडाळावं लागतं. दूध हाताला चटका देण्याइतकं गरम असताना तुकडा टाकला तर दही तार धरतं किंवा चोथा-पाणी होतं. फार गार दुधात टाकला तर सकाळी दूध तसंच, वर आंबूस वास. अशा सकाळी तूप नाही. शेजारून उसनं दही आणायचा प्रश्नच येत नाही.

घुसळताना सगळी कसरत तापमानाची. दही कोमट असलं की लोणी मऊ पडतं, गोळा धरत नाही, ताकातच विरघळल्यासारखं राहतं आणि अर्धं वाया जातं. फार गार असलं तर रव्यासारखे कण येतात, ते एकमेकांना चिकटत नाहीत. आपण उन्हाळ्यात सरळ बर्फ टाकतो. जैनांच्या अभक्ष्यांच्या यादीत बर्फही आहे, तेव्हा उन्हाळ्यात घागरीला ओलं फडकं बांधतात आणि उजाडल्या उजाडल्या, ऊन चढायच्या आत काम उरकतात. माघात उलटं. उकळून ठेवलेलं पाणी थोडं कोमट असतानाच धारेने सोडत होते. पाच-सहा वेळा सोडलं असेल. रवीचा आवाज आधी जड येतो, मग पातळ होतो, मग खळ्ळकन बदलतो. तो बदल त्या घरच्या अक्कांनी मान वळवून ऐकला आणि लोण्याला हात लावायच्या आधी सुनेला म्हणाल्या, "चूल पेटव."

त्या दोन शब्दांसाठीच एवढा प्रवास केला असं म्हटलं तरी चालेल.

मराठी माणसाला लोणी म्हटलं की कृष्ण आठवतो, शिंक्यावरचं मडकं आठवतं. याच कोल्हापुरी मुलखात भाकरीवर लोण्याचा गोळा आला नाही तर पाहुणचार झाला असं वाटत नाही. आणि त्याच मुलखातल्या जैन स्वयंपाकघरात लोणी निषिद्ध. श्वेतांबरांत तर मध, मद्य, मांस आणि लोणी अशा चार महाविगयी, म्हणजे सर्वांत वर्ज्य पदार्थ, मोजतात, म्हणजे लोणी थेट मद्यमांसाच्या पंगतीत. ताकातून वेगळं झालेल्या लोण्यात अंतर्मुहूर्तात त्याच रंगाचे असंख्य सूक्ष्म जीव उपजतात, असं शास्त्र सांगतं. अंतर्मुहूर्त म्हणजे त्या दोन घटकांच्या आतला काळ. तूप मात्र देवाला चालतं, मुनींना चालतं. पण लोण्यावाचून तूप नाही. तेव्हा निषिद्ध वस्तूतून जायचंच आहे, फक्त तिथे थांबायचं नाही.

म्हणून कढई आधी तापते आणि लोणी नंतर उचललं जातं. घरी आपण लोणी तीन-चार पाण्यांनी धुतो. तिथे उकळून गार केलेल्या पाण्याचा एकच हात फिरवला. कमी धुतल्याची किंमत कढईत मोजावी लागते: ताकाचा अंश राहतो, फेस जास्त येतो, बेरी जास्त निघते. पसरट, जाड बुडाची कढई घ्यायची ती त्यासाठी. अरुंद पातेल्यात हेच लोणी उतू जातं.

मंद आचेवर वीसेक मिनिटं लागली. आधी पांढरा फेस, मग तडतड, मग फेस फाटून खालचं सोनेरी दिसायला लागतं. तडतड म्हणजे आतलं पाणी. ते आहे तोवर कढईतली उष्णता शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही. पाणी संपलं की ती भराभर चढते आणि बेरी दोन मिनिटांत बदामीची काळी होते. अक्का कढईकडे बघत नव्हत्याच, कान देऊन होत्या. आवाज थांबला, उतरवली. घाईने आधी उतरवलेलं तूप दिसायला छान पिवळं दिसतं, पण त्यात पाणी राहतं आणि आठवड्याभरात आंबट वास येतो. नीट कढलेल्या तुपात अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी असतं. म्हणून दह्या-दुधाला तासांची मर्यादा, आणि तुपाची मर्यादा रंग, वास, चव बदलेपर्यंतची.

आता इथे 'आपल्या पूर्वजांना जंतुशास्त्र ठाऊक होतं' वगैरे लिहायची ब्लॉगवर पद्धत आहे. मला ती शाबासकी आगाऊपणाची वाटते. त्या घरात कुणी जंतूंपासून स्वतःला वाचवत नव्हतं. जीवांना आपल्यापासून वाचवायचा खटाटोप चालला होता.

दहाच्या सुमारास मुनी आले. दारात "नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ" झालं, पाय धुतले गेले. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. भात झाला, वरण झालं. तुपाची वाटी पुढे आली आणि ओंजळ मिटली. त्या दिवशी त्यांचा तुपाचा त्याग होता. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहा रसांपैकी एक-दोन मुनी सोडतात, कोणता ते आधी कळवत नाहीत. काल संध्याकाळपासूनची मेहनत त्या मिटलेल्या बोटांपाशी थांबली. बघणाऱ्याचा जीव हळहळला. अक्कांनी वाटी बाजूला ठेवून ज्वारीची भाकरी पुढे केली. चेहरा जसाच्या तसा.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर. खाली २८ फुटी बाहुबलीची संगमरवरी मूर्ती आहे, १९६३ साली बसवलेली. तिचे फोटो सगळ्यांनी काढलेत, मी पुन्हा वर्णन करत नाही. दक्षिण महाराष्ट्र-कर्नाटकातल्या दिगंबरांच्या बीसपंथी रिवाजात पंचामृताचा अभिषेक असतो: जल, उसाचा रस, तूप, दूध, दही. थंडीत तूप कोमट करून न्यावं लागतं, नाहीतर धार होतच नाही, मूर्तीच्या खांद्यावर गठ्ठे बसतात. कापसाच्या बोळ्याने ते काढावे लागतात. त्याहून वाईट म्हणजे बेचक्यात राहिलेलं तूप. मुंग्या येतात, आणि अहिंसेच्या पूजेत मुंग्या चिरडल्या जातात. म्हणून शेवटी कल्कचूर्ण चोळून चिकटपणा काढतात आणि पुन्हा पाणी. हे चूर्ण उरकाउरकीत लावलं जातं, अशी तक्रार तिथल्याच एका म्हाताऱ्या गृहस्थांनी केली. दिगंबरांतलेच तेरापंथी नेमक्या याच हिंसेच्या भीतीने पंचामृत मानत नाहीत. त्यांचा अभिषेक फक्त पाण्याचा, आणि दिव्याच्या जागी केशराने रंगवलेला खोबऱ्याचा तुकडा. दोघांचंही म्हणणं जीव वाचवायचंच.

मग बस, रेल्वे, पुन्हा बस. गुजरातमधलं श्वेतांबरांचं तीर्थ, पालिताणा.

तिथल्या शत्रुंजय डोंगराच्या पायऱ्यांनी गुडघ्यांचं काय केलं ते सोडून देऊ. तूप भेटलं ते संध्याकाळी, पायथ्याच्या एका देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, आरतीच्या उछामणीत. आरती कोण उतरवणार याची बोली लागते, आणि ती रुपयांत नाही, तुपाच्या मणांत. "एकवीस मण! एक्कावन्न मण!" तूप कुठेच नसतं. संघाने कधीकाळी एका मणाचे ठरावीक रुपये बांधून दिलेले असतात, त्या हिशेबाने पैसे देवद्रव्यात, म्हणजे देवाच्या निधीत, जमा होतात. पूर्वी दिव्याला तूपच बोलत असणार, तो शब्द राहिला. शेजारच्या आयंबिलशाळेत, जिथे तपाचं रूक्ष जेवण मिळतं, मात्र तपस्व्यांच्या ताटात तुपाचा थेंब नव्हता. देवापुढे मण, ताटात शून्य.

श्वेतांबरांच्या अष्टप्रकारी पूजेत दीपपूजा पाचवी. दिवा मूर्तीच्या उजव्या हाताला, धूप डाव्या. आरतीला पाच वाती, मंगलदिव्याला एक. अखंड दिवा काचेच्या फाणसात, वर भोकांचं झाकण, म्हणजे पतंग आत पडत नाही. आणि त्या फाणसाशेजारीच माझा संताप झाला. बसभर यात्रेकरू आले आणि प्रत्येकाने पिशवीतून तुपाचं पाकीट काढून दिव्यात ओतायचा हट्ट धरला. एका पाकिटाबरोबर दिवा तडतडला, काजळी धरली, मिणमिणला. पुजाऱ्याने न बोलता वात काढली, सगळं तूप पातेलीत घेऊन आवाज थांबेपर्यंत पुन्हा कढवलं, फडक्यातून गाळलं, नवी वात घातली. पाणी राहिलेलं तूप वातीला थुंकतं आणि बेरीचा चुरा वात तुंबवतो, हे त्याला शिकवायची गरज नव्हती. थंडीत तूप थिजतं तेव्हा लांब वात उपाशी मरते. त्यापेक्षा मधोमध उभी फुलवात बरी, भोवतीचं तूप स्वतःच वितळवून घेते.

शेवटचा मुक्काम बिकानेर. भांडासर मंदिर, पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ, लाल दगडाचं तीन मजली काम, १५१४ साली पुरं झालेलं. भांडाशाह नावाचा तुपाचा व्यापारी. तुपात माशी पडली, त्याने ती काढून तिला लागलेलं तूप जोड्याला पुसलं. मिस्त्रीला वाटलं, हा चिकट माणूस देऊळ काय बांधणार? परीक्षा बघायला म्हणाला, पायाच्या चुन्यात पाण्याऐवजी तूप लागेल. दुसऱ्या दिवशी तुपाचे बुधले हजर. ४०,००० किलो तूप पायात गेलं, उन्हाळ्यात अजून फरशी तेलकट होते, असं सांगतात. फेब्रुवारीत फरशी कोरडी होती, मी दोनदा हात फिरवून पाहिला. चुना कालवायला पाणीच लागतं, नुसत्या तुपात तो धरणार नाही. किंचित स्निग्ध मिसळलं तर ओल झिरपायची थांबते, इतकं खरं. बाकी कथा.

हिशेब मात्र डोक्यातून जाईना. ४०,००० किलो तूप म्हणजे दहा-बारा लाख लिटर दूध. वाटाड्याला विचारलं, एवढं लोणी दोन घटकांत कढवलं कसं असेल?

तो म्हणाला, "पायात घालायचं होतं साहेब. महाराजांच्या ओंजळीत थोडंच जायचं होतं?"