पास वसूल

नाशिक, रविवार रात्र

आज बॅगा रिकाम्या करताना जपानची वही हाती आली. तिच्यात रेल्वे स्थानकांवरच्या रबरी शिक्क्यांना चार पाने मिळाली आहेत आणि माझ्या मजकुराला जेमतेम एक. टोकियो, क्योतो, हिरोशिमा, कानाझावा आणि पुन्हा टोकियो, एवढे सगळे आम्ही सात दिवसांत उरकले. ‘पाहिले’ असे लिहायला हात धजत नाही.

याचे मूळ परदेशी पर्यटकांना मिळणाऱ्या, सात दिवस हवे तेवढे हिंडू देणाऱ्या जपानी रेल्वे पासात आहे. 2023च्या ऑक्टोबरात त्याचा दर 29,650 येनांवरून एकदम 50,000 येन झाला. टोकियोहून हिरोशिमाला जाऊन परत येण्याची सुटी तिकिटे काढली, तर चाळीस हजारांच्या आत भागते. शहाण्या माणसाने तीच काढली असती. मी मात्र अकरा वर्षे नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मासिक पासावर मुंबईला जा-ये केलेला मनुष्य. पास काढला की तो वसूल झालाच पाहिजे, हे अंगात भिनलेले. म्हणून कानाझावा जोडले. त्या शहराचे नावही सौ.ने तोवर ऐकलेले नव्हते.

गाड्यांविषयी तक्रार नाही. पासावर सर्वांत वेगवान बुलेट ट्रेन ‘नोझोमी’ जादा पैसे भरल्याशिवाय मिळत नाही, तरी पंचवटीला घाट उतरून दादर गाठायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात ‘हिकारी’ने आम्हांला टोकियोहून क्योतोला पोहोचवले. (फुजी ढगातच राहिला.) क्योतोहून कानाझावाला जाताना त्सुरुगाला गाडी बदलावी लागते, कारण मार्च 2024पासून टोकियो-कानाझावा बुलेट ट्रेनचा मार्ग पुढे तिथपर्यंत आला आहे. खालच्या फलाटावर उतरून वरच्या मजल्यावरची गाडी पकडायची होती. शेकडो माणसे सरकत्या जिन्यांकडे भराभर निघाली, पण कोणाचा कोणाला धक्का लागला नाही. कानाझावाच्या केनरोकुएन बागेला मात्र आम्ही दीड तास दिला, आणि त्यातही मी तीनदा घड्याळ पाहिले.

सल आहे तो हिरोशिमाचा. संग्रहालयातून बाहेर पडल्यावर आम्ही अणुबॉम्बमधून उरलेल्या घुमटाजवळच्या ट्राम थांब्यावर उभे राहिलो. 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी 8:15ला बॉम्ब पडला आणि 9 ऑगस्टला, म्हणजे तीनच दिवसांनी, ट्राम मार्गाचा एक तुकडा पुन्हा सुरू झाला होता. त्या स्फोटात सापडलेल्या आणि दुरुस्त होऊन आजही धावणाऱ्या गाड्यांचे क्रमांक 651 आणि 652, हे मी नाशिकहून निघतानाच टिपून ठेवले होते. चार ट्राम आल्या, चारही दुसऱ्याच. सौ. म्हणाली, “अहो, थांबू या की अजून थोडं.” पासावरचे आरक्षण फुकट बदलून मिळते, नंतरचीही गाडी होती, तरीसुद्धा ठरलेली ‘साकुरा’ चुकू नये म्हणून मी तिला पाचव्या ट्राममध्ये चढवले.

सगळ्या सुट्या तिकिटांची बेरीज आज पुन्हा मांडली. पास वसूल झाला, वर काही हजार येन सुटले. हिरोशिमाचा शिक्का मात्र धावतपळत मारून वही लगेच मिटल्यामुळे पुसट आला आहे, आणि समोरच्या कोऱ्या पानावर त्याचा उलटा ठसा उमटला आहे.