बीम फायनलमधले दोन ११.९५०

राज्यस्तरीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेतल्या मुलींच्या बीम (अरुंद तुळईवरची रचना) फायनलला मी डी पॅनेलवर परीक्षक होते. शेवटच्या मुलीने डिसमाउंट, म्हणजे बीमवरून उतरण्याची उडी घेतली, एक छोटं पाऊल मागे गेलं, सलामी झाली आणि थोड्या वेळाने पडद्यावर आकडा आला, ११.९५०. तिसऱ्या क्रमांकावर अगोदरच एक ११.९५० होता. संगणकाने नव्या मुलीचं नाव चौथ्या ओळीत टाकलं आणि कोच मंडळींच्या बाजूला एकदम गलका झाला.

आधी दोन्ही आकडे कसे तयार झाले ते सांगते. स्कोअरचे दोन भाग असतात. डी म्हणजे मुलीने काय केलं त्याची किंमत, ती दोन परीक्षक मिळून ठरवतात. ई म्हणजे कसं केलं. तो १० पासून सुरू होतो आणि चुकांप्रमाणे खाली येतो. छोटी चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडली तर १.०. आमच्या ई पॅनेलवर चौघी होत्या. सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त कपात बाजूला काढायची आणि मधल्या दोघींची सरासरी घ्यायची.

आधी खेळलेल्या मुलीचा डी ४.१ होता. तिच्या कपाती होत्या १.९, २.१, २.२ आणि २.६. सरासरी २.१५, म्हणून ई ७.८५. शेवटच्या मुलीचा डी ४.३, कपाती २.१, २.२, २.३ आणि २.५, ई ७.७५. तिची बेरीज १२.०५ होते, म्हणजे सरळ तिसरा क्रमांक. पण टायमरच्या स्लिपवर ९१ लिहिलेलं होतं. बीमची रचना ९० सेकंदांत संपली पाहिजे, वर गेलं की ०.१ दंड. हा दंड डी किंवा ई मधून जात नाही, शेवटच्या बेरजेतून जातो. उरले ११.९५. बरोबरी झाली की ज्याचा ई जास्त तो वर, हा नियम स्पर्धेच्या पत्रकात छापलेला होता. त्यामुळे ७.८५ वाली तिसरी आणि ७.७५ वाली चौथी.

त्या मुलीचे कोच मिनिटाच्या आत टेबलापाशी आले. इन्क्वायरीला, म्हणजे स्कोअरवर हरकत घ्यायला, शेवटच्या खेळाडूसाठी स्कोअर दिसल्यापासून एक मिनिट मिळतं, आधीच्या खेळाडूंसाठी पुढच्या मुलीचा स्कोअर लागेपर्यंत. तोंडी सांगायचं, मग लेखी अर्ज. आणि इन्क्वायरी फक्त डी वर करता येते. त्यांचं म्हणणं होतं, "मॅडम, स्प्लिट जंप पूर्ण वळणाची होती, तुम्ही अर्ध्या वळणाची धरलीत." वळण ३० अंश किंवा जास्त अपुरं राहिलं तर ती उडी वेगळी, कमी किमतीची समजली जाते. आम्ही दोघींनी आपापल्या कागदावर तसंच चिन्ह काढलं होतं. मुख्य परीक्षकांसोबत अधिकृत कॅमेऱ्याचं चित्रण संथ गतीने दोनदा पाहिलं. कॅमेरा बीमच्या बाजूला होता. बाजूने पाय किती फाकले ते नेमकं कळतं, वळण मात्र बीमच्या टोकाकडून पाहावं लागतं. तरीसुद्धा पाय टेकले तेव्हा कंबर बीमला तिरकी होती एवढं दिसलं. इन्क्वायरी फेटाळली, डी ४.३ च राहिला.

मग कोचनी विचारलं, "आणि ९१ सेकंद कुणी मोजले?"

मोजले होते एका स्वयंसेवकाने, एका हातातल्या स्टॉपवॉचवर. मुलीचे पाय चढताना उसळी देणाऱ्या बोर्डवरून सुटले की घड्याळ सुरू करायचं आणि ती मॅटवर उतरली की थांबवायचं. ८० सेकंदांना पहिली घंटा, ९० ला दुसरी. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मुलीने सलामी दिली किंवा धाव सुरू केली की अंगठा दाबला जातो. धावत येऊन बीमवर चढणाऱ्या मुलीच्या बाबतीत त्यातच सेकंद-दोन सेकंद जास्त मोजले जातात, आणि ही मुलगी धावत येऊन चढली होती. स्लिपवर पूर्ण सेकंद लिहिले होते. ९०.६ चे ९१ केले होते की घड्याळावर खरंच ९१ होते, ते सांगता येईना, कारण पुढच्या प्रकारासाठी घड्याळ शून्यावर आणलं गेलं होतं.

मला सगळ्यात खटकलं ते याच्यापुढचं. ज्या चित्रणावर आम्ही उडीचं वळण तपासलं, त्याच चित्रणात तिचे पाय बोर्डवरून सुटताना दिसत होते आणि मॅटवर टेकतानाही. वेळ तिथेच मोजता आली असती. पण पत्रकाप्रमाणे इन्क्वायरी डी पुरती होती, आणि मुख्य परीक्षकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांच्या जागी असते तर मी चित्रण चालवून पाहिलं असतं. निकाल मुलीच्या विरोधात गेला असता तरी चाललं असतं, निदान तो घड्याळाचा निकाल झाला असता.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५ ऑगस्ट २०२४ ला मुलींच्या फ्लोअरच्या (जमिनीवरच्या रचनेच्या) फायनलमध्ये काय झालं ते बहुतेकांना कांस्यपदकाच्या वादापुरतं आठवतं. त्या वादामागे असाच एक ०.१ होता. रोमानियाच्या आना बर्बोसूचा डी ५.७ आणि ई ८.०, एकूण १३.७००. तिच्याच देशाच्या सब्रिना मानेका-वोइनियाचा डी ५.९, ई ७.९, आणि सीमारेषेबाहेर गेल्याचा ०.१ दंड, एकूण १३.७००. बरोबरी ई वर सुटली आणि बर्बोसू वर गेली. शेवटची खेळाडू अमेरिकेची जॉर्डन चाइल्स, १३.६६६. तिच्या कोचने वळणाच्या एका उडीच्या किमतीवर इन्क्वायरी टाकली, डी ५.८ चा ५.९ झाला, स्कोअर १३.७६६ आणि कांस्यपदक तिला. पाच दिवसांनी क्रीडा लवादाने ती इन्क्वायरी १ मिनिट ४ सेकंदांनी नोंदली गेली म्हणून रद्द ठरवली आणि पदक बर्बोसूकडे गेलं. अमेरिकेने आपल्याकडच्या चित्रणाच्या आधारे कोच मिनिटाच्या आतच बोलल्या होत्या असा दावा केला, चाइल्स स्विस न्यायालयातही गेली.

सगळी चर्चा त्या चार सेकंदांवर झाली. मानेका-वोइनियाला तो दंड झाला नसता तर तिचे १३.८०० होतात, म्हणजे चाइल्सच्या वाढलेल्या स्कोअरच्याही वर, आणि टायब्रेकची, म्हणजे बरोबरी सोडवण्याची, गरजच पडत नाही. ती रेषेबाहेर गेलीच नव्हती असं रोमानियाचं म्हणणं होतं. तेही लवादाने फेटाळलं. त्या निवाड्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती आम्हा टेबलावर बसणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. इन्क्वायरी घेणाऱ्या माणसापाशी मिनिट मोजून तिथल्या तिथे ‘उशीर झाला’ म्हणण्याची काही व्यवस्थाच नव्हती. नियम एका मिनिटाचा, आणि ते मिनिट मोजायचं काम नेमून कुणालाच दिलेलं नाही! जिल्हा पातळीवर आपण याला ढिसाळपणा म्हणतो.

आता ई ला प्राधान्य देण्याबद्दल. यामागचा विचार मला मान्य आहे. गुण समान असतील तर ज्याने कमी चुका केल्या तो वर, हे जिम्नॅस्टिक्सच्या स्वभावाला धरून आहे. लंडन २०१२ ला पॉमेल हॉर्सवर हंगेरीचा बेर्की आणि ब्रिटनचा लुई स्मिथ दोघेही १६.०६६ वर होते. स्मिथचा डी ७.०, बेर्कीचा ६.९, पण ई मध्ये बेर्की ९.१६६ आणि स्मिथ ९.०६६, सुवर्ण बेर्कीला. पॅरिसला हाय बारवर जपानच्या ओकाचा डी ५.९ आणि कोलंबियाच्या बाराहासचा ६.६, तरी १४.५३३ च्या बरोबरीत सुवर्ण ओकाला मिळालं, त्याचा ई ०.७ ने जास्त होता.

अडचण अशी की ज्या आकड्यावर बरोबरी सुटते, त्याच आकड्यावर कोचला प्रश्न विचारता येत नाही. डी वर इन्क्वायरी आहे, ई वर नाही. आणि ई हा माणसांच्या मतांचा आकडा आहे. आमच्या तिसऱ्या आलेल्या मुलीच्या कपाती पुन्हा पाहा. १.९ पासून २.६ पर्यंत, म्हणजे ०.७ चा फरक. एकीला ती रचना बरीच स्वच्छ वाटली, दुसरीला नाही. चौथ्या आलेल्या मुलीबद्दल चौघींचं मत ०.४ च्या आत होतं. पण टायब्रेकमध्ये फक्त सरासरी दिसते, मतभेद दिसत नाही.

बीजिंग २००८ चं उदाहरण तर प्रत्येक नव्या परीक्षकाने कागदावर सोडवून पाहावं. अनइव्हन बार्सवर चीनची हे केशिन आणि अमेरिकेची नास्तिया लिउकिन, दोघींचे १६.७२५. अवघडपणाचे ७.७, सादरीकरणाचे ९.०२५, तेही सारखेच. तेव्हा सहा परीक्षकांपैकी मधल्या चौघांच्या कपाती धरत, त्यांची सरासरी दोघींच्या बाबतीत ०.९७५. मग पुढची पायरी अशी की त्या चारांतली सर्वांत मोठी कपात काढायची आणि उरलेल्या तिघांची सरासरी घ्यायची. हे केशिन ०.९३३, लिउकिन ०.९६६. सुवर्ण हे केशिनला. चार कपातींची बेरीज दोघींची ३.९, तिघांची बेरीज २.८ आणि २.९. म्हणजे काढून टाकलेली कपात हे केशिनच्या बाबतीत १.१ आणि लिउकिनच्या बाबतीत १.० होती. सरळ अर्थ असा, की त्या चौघांतल्या एकाने हे केशिनला जास्त कडक मापलं म्हणून ती जिंकली. हा नियम खेळाबद्दल काहीच सांगत नाही, नुसता दोन सारख्या मुलींना वर-खाली करतो.

म्हणून मला पदक वाटून देणं जास्त प्रामाणिक वाटतं. ग्लासगोला २०१५ च्या जागतिक स्पर्धेत अनइव्हन बार्सवर चार मुलींचे १५.३६६ झाले आणि चौघींना सुवर्ण दिलं. पॅरिसच्या त्याच हाय बार फायनलमध्ये चीनचा झांग बोहेंग आणि तैवानचा तांग चिया-हुंग १३.९६६ वर सगळ्याच बाबतीत सारखे निघाले, तेव्हा दोन कांस्यपदकं दिली गेली. ई हा तीन जणांच्या सरासरीतून येतो तेव्हा त्याच्या पायऱ्या ०.०३३ च्या असतात, डी च्या ०.१ च्या. आठ चांगल्या खेळाडूंत कधी ना कधी बरोबरी होणारच. आपल्याकडे तर राज्य स्पर्धेतल्या पहिल्या तीन क्रमांकांच्या प्रमाणपत्राला शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात वजन असतं. तिथे एका अंगठ्याच्या सेकंदावर चौथा क्रमांक लागणं फार महागात पडतं.

त्या दिवशी निकाल बदलला नाही. अहवालात आम्ही दोघी डी परीक्षकांनी लिहिलं की बीम आणि फ्लोअरला दोन टायमर असावेत, वेळ दशांश सेकंदासह लिहावी, स्लिपवर सही होईपर्यंत घड्याळ शून्यावर आणू नये, आणि दोघांची वेळ ९० च्या दोन बाजूंना पडली तर चित्रणावरून मोजावी. एक कॅमेरा बीमच्या टोकाला हवा. स्कोअर पडद्यावर आला की इन्क्वायरीच्या टेबलावर एका ठरलेल्या व्यक्तीने मिनिट सुरू करावं आणि कोच आल्याची वेळ त्यांच्यासमोर अर्जावर टाकावी. पत्रकातून टायब्रेकची ओळ काढून समान गुणांना समान पदक द्यावं, असंही सुचवलं. पुढच्या पत्रकात दोन टायमर आले, इन्क्वायरीची वेळ लिहायचा रकाना आला. टोकाचा कॅमेरा खर्चात बसला नाही, आणि टायब्रेकची ओळ जशीच्या तशी आहे.